शिक्षक खोलीतली तीन टेबलं: मुख्याध्यापकानं टीम कशी बांधायची?

पूर्वभागची_बाई
नमस्कार. सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका अनुदानित शाळेत मी एकोणीस वर्षं गणित शिकवतेय. पाचवी ते दहावी, चोवीस शिक्षक. या जूनपासून मुख्याध्यापिका झाले. ज्यांच्या डब्यातली शेंगाचटणी रोज खाल्ली, त्यांच्याच किरकोळ रजेच्या अर्जावर आता सही करायची असते. तेही हळूहळू जमेल. माझा प्रश्न वेगळा आहे.

आमच्या शिक्षक खोलीत तीन टेबलं आहेत. खिडकीजवळ ज्येष्ठ मंडळी, मधल्या टेबलावर गणित-विज्ञानवाले, दाराजवळ नवे शिक्षण सेवक. भांडण कुणाचंच नाही. वाढदिवसाला सगळे मिळून वर्गणी काढतात, कुणाच्या घरी दुखलं-खुपलं तर आधी शाळेतलेच लोक पोचतात. फक्त शिकवण्याबद्दल कुणी कुणाशी बोलत नाही.

मागच्या महिन्यात सहावी ‘ब’मधल्या एका मुलीची वही हातात आली. ३/४ + १/२ चं उत्तर तिनं ४/६ लिहिलं होतं. ते खोडून खाली तिरकस गुणाकार मांडला होता, तोही अर्धवट. त्याच्या खाली लसावि काढायला घेतला होता. चौकशी केली तेव्हा कळलं की ‘अ’ तुकडीत लसाविनं शिकवतात, ‘ब’मध्ये तिरकस गुणाकारानं. मुलगी दिवाळीनंतर ‘अ’मधून ‘ब’मध्ये आलेली. दोन्ही शिक्षक चांगले. दोघांची टेबलं चार फुटांवर. आणि एकमेकांची पद्धत दोघांनाही माहीत नाही.

त्या रात्री मला झोप लागली नाही. तुमच्या शाळांत हे कसं जमवलंत? सहलीनं, जेवणावळीनं जमेल असं मला वाटत नाही, कारण ते आमच्याकडे आधीपासून आहेच.

हुरडापार्टी
मॅडम, डिसेंबरात सगळ्यांना मंगळवेढ्याच्या ज्वारीच्या शेतावर न्या. गरम हुरडा आणि शेंगाचटणी समोर आली की सगळी टेबलं एक होतात :)

पूर्वभागची_बाई
दोन वर्षांपूर्वी गेलो होतो सर. छान झालं. सोमवारी प्रत्येक जण आपापल्या टेबलावर.

बार्शीचे_गुरुजी
अकरा वर्षं मुख्याध्यापक होतो, आता निवृत्त. तुमची वही वाचली आणि माझ्या शाळेतल्या वह्या आठवल्या.

एक सांगतो, रागावू नका. बैठका वाढवू नका. मी वाढवल्या होत्या. दर शनिवारी सकाळची शाळा सुटली की ‘शैक्षणिक चर्चा’. पहिल्या बैठकीला सगळे बोलले, तिसरीला मी एकटाच बोलत होतो, पाचवीला निम्मे लोक घड्याळ बघत होते. चूक माझी होती. मी त्यांच्या घरच्या वेळेतून वेळ काढत होतो आणि विषयही मीच ठरवत होतो.

पुढं एका शिक्षिकेनंच सुचवलं, सर, चर्चा नको, वह्या घेऊन बसू. घटक चाचणीच्या वीस उत्तरपत्रिका टेबलावर पसरल्या, नावं झाकली आणि एकच प्रश्न घेतला. कोण कुठं अडलं? माणसं एकमेकांविषयी बोलायला कचरतात, पण मुलांच्या चुकीविषयी तासन्‌तास बोलू शकतात. टीम बांधायला घेतली की बांधली जात नाही हो. काम एकत्र ठेवा.

कोरा_फळा
वेळ कुठून आणायचा ते आधी सांगा. यू-डायस आणि सरलवर शाळेची-मुलांची माहिती भरा, शालार्थवर पगाराची बिलं बघा, मतदार यादीचं काम करा, शिष्यवृत्तीचे अर्ज भरा. ऑफ तास असतो तो गैरहजर शिक्षकाच्या वर्गावर जातो. मला माझ्या सहकाऱ्याशी बोलायला आवडेल, पण आमची गाठ फक्त मस्टरवर सही करताना पडते.

आणि एक कटू गोष्ट. ३० सप्टेंबरच्या पटावर संचमान्यता, म्हणजे शाळेला शिक्षकांची किती पदं ते ठरतं. पट घसरला की पद जातं, मग ज्येष्ठता यादीत जो खाली तो अतिरिक्त. ज्याच्या पोटात ही भीती आहे तो शेजाऱ्याला आपली हातोटी मोकळ्या मनानं का सांगेल? ही माणसं वाईट नाहीत, घाबरलेली आहेत. मे महिन्यात उन्हात दारोदार पट शोधत फिरलेली आहेत.

दोनशिक्षकी
अक्कलकोट तालुका, जिल्हा परिषद शाळा. आमची टीम म्हणजे मी आणि माझे सहकारी सर. शिक्षण हक्क कायद्यात साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, त्यामुळे पहिली-दुसरी माझ्याकडे, तिसरी-चौथी सरांकडे. एक रजेवर गेला की चारही वर्ग दुसऱ्याच्या गळ्यात. तुमच्याकडे टेबलं तीन आहेत, आमच्याकडे दोन माणसांत एक टेबल आहे आणि त्यावर पोषण आहाराची नोंदवही असते.

तरी सांगते, माझी खरी टीम आमच्या केंद्राच्या, म्हणजे शेजारच्या काही शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत आहे. महिन्यातून एक दिवस आसपासच्या शाळांचे आम्ही सगळे जमतो. कोठारी आयोगानं १९६४–६६ मध्ये शाळा संकुलाची कल्पना मांडली होती, २०२० च्या राष्ट्रीय धोरणातही ती पुन्हा आली. चार लहान शाळा एकमेकींना धरून राहिल्या तर कुणीच एकटं पडत नाही. आमच्याकडे मुलं घरी कन्नड बोलतात. पहिलीच्या मुलांना मराठी कसं ऐकवायचं हे मला प्रशिक्षणात मिळालं नाही. ते शेजारच्या गावच्या एका बाईंनी शिकवलं, परिषदेत जेवायच्या सुट्टीत.

पण हे केंद्रप्रमुखांवर अवलंबून आहे. आधीच्या परिषदा म्हणजे परिपत्रकांचं वाचन असायचं. आत्ताचे सर परिपत्रकं ग्रुपवर टाकतात आणि परिषदेचा वेळ आम्हाला देतात.

पार्कचौपाटी
माढा तालुक्यातल्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले सर. २०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ, आपल्याच जिल्ह्याच्या जिल्हा परिषद शाळेतून. असा एक शिक्षक असला की शाळा उभी राहते. मुख्याध्यापकांनी असे हिरे शोधावेत.

बार्शीचे_गुरुजी
अभिमान आहेच, पण त्याच गोष्टीतलं मला जास्त भावलेलं सांगतो. दहा लाख डॉलरच्या त्या पुरस्कारातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांत वाटली. एकट्याच्या नावानं आलेलं दहा जणांचं केलं. मुख्याध्यापकानं हिरा शोधावा हे ठीक, पण कौतुकाची सगळी फुलं एकाच गळ्यात पडू लागली की बाकीचे हात आखडतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. दहावीचा निकाल लागला की दहावीच्या शिक्षकांचा सत्कार, आणि ज्या बाईंनी त्याच पोरांना पाचवीत वाचायला शिकवलं त्या टाळ्या वाजवायला. शेवटची दोन वर्षं मी सत्काराला पाचवीच्या वर्गशिक्षकांना सगळ्यांत आधी बोलावलं. एक बाई रडल्या होत्या.

सातरस्ता_सिस्टर
मी शिक्षिका नाही, रुग्णालयात परिचारिका आहे. माझा मुलगा आठवीत, म्हणून वाचत होते.

आमच्या प्रशिक्षणात एक अभ्यास शिकवला होता. एमी एडमंडसन नावाच्या अमेरिकेतल्या संशोधक. औषध देण्यातल्या चुका कोणत्या वॉर्डात जास्त होतात ते त्या बघत होत्या. अपेक्षा अशी की चांगल्या टीमच्या वॉर्डात चुका कमी निघतील. आकडे उलटे आले, चांगल्या टीमच्या चुका जास्त. मग लक्षात आलं की तिथल्या सिस्टर चुका सांगत होत्या. बाकीच्या वॉर्डांत त्या दडपल्या जात होत्या, कारण सांगितलं की बोलणी बसणार.

मी दोन्ही प्रकारच्या वॉर्डांत काम केलंय. फरक वॉर्डाच्या इनचार्ज सिस्टरमध्ये असतो. पहिल्या चुकीला ती काय बोलते, यावर पुढची दहा वर्षं ठरतात. मॅडम, तुमच्या त्या दोन शिक्षकांना तुम्ही वही दाखवलीत तेव्हा पहिलं वाक्य काय बोललात?

पूर्वभागची_बाई
सिस्टर, तुमचा प्रश्न वाचून काल संध्याकाळपासून उत्तर लिहायचं टाळतेय.

मी म्हणाले, “हे असं कसं झालं?” दोघंही गप्प झाले. एका सरांनी वही हातातही घेतली नाही.

मैदानावरचा_सर
क्रीडाशिक्षक, बावीस वर्षं. एक विनंती आहे, आणि ती मनापासून आहे.

मुख्याध्यापकांना टीमसाठी वेळ हवा असला की पहिली कुऱ्हाड खेळाच्या तासावर पडते. गणिताचा पोर्शन राहिला, घ्या पीटीचा तास. परीक्षा जवळ आली, घ्या पीटीचा तास. आणि टीम म्हणून जेव्हा बसता तेव्हा आम्हाला, चित्रकलेच्या सरांना, ग्रंथपाल बाईंना बोलावतच नाही. कोणतं पोरगं सकाळी न खाता येतं हे मला दुसऱ्या फेरीला कळतं. कुणाच्या पायातली चप्पल तुटलीय म्हणून तो पळायला नको म्हणतो, हे मला कळतं. आई-बाप दोघंही पहाटे कामावर गेल्यावर लहान भावाला आवरून शाळेत आणणारी पोरगी माझ्या तासाला झाडाखाली झोपते. मी तिला उठवत नाही. तिच्या वर्गशिक्षिकेला हे माहीत आहे का, मला ठाऊक नाही. मला कधी कुणी विचारलंच नाही.

पूर्वभागची_बाई
सर, तुम्हाला हे विचारायला हवं होतं. आमच्या सरांनाही मी कधी विचारलं नाही. सोमवारी विचारते.

कोरा_फळा
क्रीडाशिक्षकांचं शंभर टक्के पटलं.

विडीघरकुल
मी पालक, शाळा व्यवस्थापन समितीत आहे. घरी तेलुगू. माझ्या मुलाच्या वहीत पानापानावर लाल गोल. “तो पुस्तक दिला”, “माझा वही”. बाई म्हणायच्या लक्ष देत नाही. मुलगा हिरमुसून यायचा. एकदा समितीच्या बैठकीत गणिताच्या सरांनी, जे आमच्यातलेच, मराठीच्या बाईंना समजावून सांगितलं. तेलुगूत पुस्तक, वही, टेबल सगळ्या निर्जीव वस्तू एकाच गटात. तो-ती-ते अशी वाटणी नाही. पोरगं मराठी बोलताना प्रत्येक वस्तूचं लिंग पाठ करतंय, तुमच्यासारखं कानानं नाही. बाईंनी तिथंच वहीत लिहून घेतलं. पुढच्या आठवड्यात त्यांनी वर्गात वस्तूंच्या तीन टोपल्या केल्या, तो, ती आणि ते. रोज पाच वस्तू टाकायच्या. माझा मुलगा आता घरी मला सुधारतो.

ते दोघं शिक्षक सहा वर्षं एकाच शाळेत होते. हे बोलणं सहा वर्षांत पहिल्यांदा झालं, आणि तेही पालकांच्या बैठकीत.

दोनशिक्षकी
टोपल्यांची कल्पना उचलतेय. कन्नडलाही अगदी हेच लागू.

हुरडापार्टी
आधी गंमत केली होती, आता मनातलं लिहितो. मी नंदीध्वजाच्या सरावाला जातो. सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत या नंदीध्वजांच्या सात उंच काठ्या निघतात, अडुसष्ट लिंगांची प्रदक्षिणा होते. लोक बघतात ते यात्रेच्या दिवशी. पण सराव कितीतरी आधी सुरू होतो, रात्री, कुणी बघत नसताना. काठी पेलणारा एक असतो, पण त्याची नजर वर आणि रस्ता खाली, त्यामुळे पुढचा दगड त्याला दिसत नाही. तो बाजूचा सांगतो. आमच्यात जुन्या माणसाचं मोठेपण कशात, तर आपण दमलोय हे तो आधी सांगतो आणि काठी पुढच्याला देतो. शाळेत मोठ्या माणसानं “मला हे जमेना” म्हटलेलं मी विद्यार्थी असताना कधी ऐकलं नाही.

पार्कचौपाटी
सिद्धरामेश्वर महाराज की जय! भाऊ, सुंदर लिहिलंत.

शेरेबुक_नको
मी थोडं विरोधात बोलणार आहे. ‘एकमेकांचे तास बघा’ हा सल्ला आता येईलच, म्हणून आधीच लिहितो. आमच्याकडे हे झालंय. मुख्याध्यापक मागच्या बाकावर बसायचे, शेरेबुकात लिहायचे आणि मासिक सभेत सगळ्यांसमोर वाचायचे. “फलक लेखन अस्वच्छ. आवाज लहान.” माझ्या शेजारच्या बाईंचा आवाज त्या वर्षी खरंच लहान झाला होता, कारण घशाची शस्त्रक्रिया झाली होती. वाचताना कुणी हसलं. त्यानंतर त्या बाई शिक्षक खोलीत यायच्या बंद झाल्या, वर्गातच डबा खायच्या. गोपनीय अहवाल ज्याच्या हातात आहे, तो माणूस वर्गात आला की मी शिकवत नाही, वाचवतो स्वतःला.

बार्शीचे_गुरुजी
तुमचं दुखणं खरं आहे, सर. जपानमधल्या शिक्षकांची एक पद्धत आहे, तिला ते ‘जुग्यो केंक्यु’ म्हणतात, पाठाचा अभ्यास. तीन-चार शिक्षक मिळून एक पाठ तयार करतात. एक जण शिकवतो, बाकीचे वर्गात बसतात. पण ते शिक्षकाकडे बघत नाहीत, मुलांकडे बघतात. कोणतं मूल कोणत्या क्षणी अडलं, कुणी शेजाऱ्याच्या वहीत डोकावलं. नंतर पाठ सुधारतात. पाठ सगळ्यांचा असतो, म्हणून फसला तर सगळ्यांचा फसतो.

आपल्याकडे हे करायचं तर दोन पथ्यं. शेरेबुक खोलीबाहेर. आणि पहिला वर्ग मुख्याध्यापकाचा.

शेरेबुक_नको
पहिला वर्ग मुख्याध्यापकाचा असेल तर मी मागच्या बाकावर बसायला तयार आहे.

पूर्वभागची_बाई
(नऊ आठवड्यांनी)
धागा वर काढतेय. तुमच्यातल्या अनेकांचं देणं लागते, म्हणून काय झालं ते लिहिते.

पहिल्यांदा त्या दोन सरांची स्वतंत्र भेट घेतली आणि “असं कसं झालं” या वाक्याबद्दल माफी मागितली. एक सर म्हणाले, “मॅडम, मला वाटलं तुम्ही ‘अ’ची पद्धत बरोबर ठरवून आलात.” मी तसं ठरवून आले नव्हते. पण लसावि माझी स्वतःची पद्धत, हे त्यांना एकोणीस वर्षांपासून माहीत होतं.

वेळेचं असं केलं. सहावीच्या तिन्ही तुकड्यांना शुक्रवारी पाचव्या तासाला एकाच वेळी ‘अ’ला खेळ, ‘ब’ला चित्रकला, ‘क’ला संगणक लावला. कुणाचा तास कापला नाही, फक्त हलवला. वेळापत्रक तीनदा फाडावं लागलं, कारण हेच शिक्षक नववीलाही आहेत. पण सहावीचे गणित, मराठी, विज्ञानाचे सहा जण त्या पस्तीस मिनिटांत मोकळे झाले. त्या तासाला बदलीच्या वर्गावर त्यांना पाठवायचं नाही, कोणी गैरहजर असेल तर तो वर्ग मी घेते. चार शुक्रवार मीच उभी राहिले.

मैदानावरचे सर, तुमची अडचण इथंच आली. आमचे क्रीडा सर, चित्रकलेचे सर आणि संगणकाच्या बाई त्याच वेळी वर्गावर. म्हणून दर चौथ्या शुक्रवारी त्या तिघांपैकी एक जण बैठकीला येतो आणि त्याचा तास मी घेते. मागच्या वेळी खेळाचा तास मी घेतला, लंगडी. क्रीडा सर खोलीत आले आणि सहावी ‘ब’च्या त्याच मुलीबद्दल बोलले. तिची आई पहाटे यंत्रमागावर जाते, ही धाकट्याला आवरून येते, म्हणून पहिला तास रोज निम्मा बुडतो. पहिला तास गणिताचा. ‘ब’चे सर काही वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, पहिला तास चित्रकलेशी बदलून द्या. चित्रकलेचे सर त्या वेळी तिथं नव्हते. संध्याकाळी विचारलं तर लगेच हो म्हणाले.

माझा वर्गही झाला. सहावी ‘ब’, अपूर्णांकांची बेरीज, मागच्या बाकांवर चार शिक्षक. पाठ आम्ही पाच जणांनी मिळून केला होता. भाकरीचे कागदी तुकडे, पाव भाकरी आणि अर्धी भाकरी एकमेकांवर ठेवून बघायची, लसावि आणि तिरकस गुणाकार दोन्ही नंतर. मला वाटलं छान झाला. दाराजवळच्या टेबलावरची आमची शिक्षण सेवक, नोकरीला दीड वर्ष झालेली मुलगी, नंतर म्हणाली, “मॅडम, तुम्ही बाकांमधून फिरत होतात. तुम्ही जवळ आलात की तिसऱ्या बाकावरची ती मुलगी उत्तर पुसायची. पुढे गेलात की परत लिहायची. दोन्ही वेळा बरोबर लिहिलं होतं.”

सिस्टर, त्या क्षणी तुमची आठवण आली. एकोणीस वर्षं मी बाकांमधून फिरतेय.

आता मी वर्गात फिरताना वही बघत नाही, खाली बसते आणि विचारते तू कसं केलंस.

सगळं जमलंय असं नाही. खिडकीजवळच्या टेबलावरचे दोन ज्येष्ठ अजून येत नाहीत आणि मी त्यांना ओढणार नाही. संचमान्यतेचं पत्रक मात्र सूचना फलकावर सगळ्यांसाठी लावलं, किती पट, किती पदं, कोण कुठल्या क्रमांकावर. एक जण अतिरिक्त ठरण्याची शक्यता आहे. ते कळल्यावर दोन दिवस खोलीत शांतता होती, पण आडून-आडून चाललेली कुजबुज थांबली.

कोरा_फळा
वेळापत्रक इथे टाकाल का? आमच्या पर्यवेक्षकांना दाखवतो. पाचवीपासून सुरू करून बघतो.

पूर्वभागची_बाई
हो, शाळेचं नाव झाकून आज रात्री टाकते.

सातरस्ता_सिस्टर
मॅडम, ती मुलगी आता पुसते का?

पूर्वभागची_बाई
शिक्षण सेवक बाई जवळ असल्या की नाही पुसत. माझ्यासमोर कालपर्यंत पुसत होती.

दोनशिक्षकी
मॅडम, पुढच्या आमच्या शिक्षण परिषदेला याल का? केंद्रप्रमुखांशी बोलले, ते हो म्हणाले. भाषण नको. नावं झाकून त्या वह्या आणा आणि ते भाकरीचे कागद. आम्ही वीसेक जण असू. जेवण आमच्याकडे, बाजरीची भाकरी आणि शेंगाचटणी.

पूर्वभागची_बाई
येते. पण एकटी नको. ‘ब’चे सर आणि त्या शिक्षण सेवक बाई, दोघांना घेऊन येते. अक्कलकोटची सकाळची एसटी किती वाजता असते?

दोनशिक्षकी
वेळ स्टँडवर विचारून उद्या कळवते. स्टॉपवर आमचे सर मोटारसायकल घेऊन थांबतील, पण तुम्ही तिघं म्हणजे दोन फेऱ्या लागतील.